चाप बोटाला कसा लागावा?

मी नेमबाजी करतो हे ऑफिसमध्ये कळल्यापासून लोक मला साधारण दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "खरी गोळी असते का रे?" आणि दुसरा, जरा माहितगार मंडळींचा, "ट्रिगर किती ग्रॅमचा आहे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माझी १० मीटर एअर रायफल आहे, त्यात ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा असतो. दुसऱ्याचंही उत्तर मी बरेच दिवस मोठ्या रुबाबात द्यायचो. आकडा जितका लहान, तितका समोरचा जास्त इंप्रेस व्हायचा. प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ सांगावेत तसं.

तर आजचा शनिवारचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नावर. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. चाप किती हलका आहे यापेक्षा तो बोटाला काय सांगतो हे महत्त्वाचं. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही, एका शून्यातून आलंय. त्या शून्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी ज्यांनी कधी रायफल हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं. टू-स्टेज ट्रिगर म्हणजे दोन टप्प्यांचा चाप. तुम्ही कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबून फोकस करता ना, आणि मग उरलेलं दाबून फोटो काढता? तसंच. पहिल्या टप्प्यात चाप अगदी मऊपणे मागे येतो, काही मिलिमीटर. मग बोटाला काहीतरी लागतं. तिथे तो थांबतो. या जागेला आमच्याकडे सगळे 'वॉल' म्हणतात, मी भिंत म्हणतो. भिंतीवर आणखी थोडा दाब वाढवला की शॉट जातो. तेवढंच.

कॅमेरा नसेल तर बाइक आठवा. क्लचचा लिव्हर सोडताना सुरुवातीला काहीच होत नाही, आणि मग एका ठिकाणी गाडी 'पकडते'. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपण तासन् तास त्या हाफ क्लचवर जगतो. दुसऱ्याची गाडी पहिल्यांदा चालवताना आपली जी फजिती होते ती ताकद कमी पडल्यामुळे होत नाही. क्लच कुठे पकडतो हे हाताला माहीत नसतं म्हणून होते. चापाचंही तेच आहे.

आता हे दोन टप्पे कशाला? एकाच टप्प्यात काम होत नाही का? होतं की. एका टप्प्याचे चापही असतात आणि अनेकांना तेच आवडतात. पण दोन टप्प्यांमागचं इंजिनिअरिंग फार सुंदर आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रायफलच्या आत ताणलेल्या हॅमरला अडवून धरणारा एक दात असतो, त्याला सिअर म्हणतात. चाप ओढला की दात सरकतो, पूर्ण सुटला की हॅमर पुढे जातो. आता पंचाईत अशी, की दात खोल अडकवला तर रायफल पडली-आपटली तरी सुटणार नाही, पण मग चाप लांब आणि जड होतो. दात जेमतेम अडकवला तर चाप एकदम चटकन सुटतो, पण मग जरा धक्का लागला तरी शॉट जाण्याची भीती. सैनिकाच्या हातातल्या रायफलला तर हे परवडणारच नाही. म्हणून माउझर आणि ली-एनफिल्डसारख्या जुन्या लष्करी रायफलींमध्ये चाप दोन टप्प्यांचा केला. एरवी दात खोल अडकलेला. पहिल्या टप्प्यात तुम्ही स्वतःच्या बोटाने तो बराचसा बाहेर काढता, आणि भिंतीपाशी आलात की अगदी थोडा उरतो. विचार बदलला? बोट सोडा, दात पुन्हा आत. म्हणजे पहिला टप्पा हा खरं तर सेफ्टीचा भाग आहे! आमच्या मॅच रायफलींमधली रचना यापेक्षा खूप नाजूक असते आणि तिला स्क्रूही ढीगभर असतात, पण मूळ कल्पना तीच.

मला हे कळायला हवं होतं कॉलेजमध्येच. इंजिनिअरिंगला असताना एनसीसीच्या कँपमध्ये पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात आली. उस्ताद पोटावर झोपवून सांगायचे, पहिला दाब घ्या, थांबा, श्वास रोखा, मग दुसरा दाब. आम्ही आपले हसायचो. पहिला दाब काय आणि दुसरा दाब काय, गोळी तर एकच जाते. मेकॅनिकलच्या मुलांनासुद्धा (मी त्यातलाच, आयटीत नंतर वाहून आलो) कधी प्रश्न पडला नाही की हे दोन दाब आले कुठून.

आता आकडे. नाही दिले तर लेख माझा वाटणार नाही.

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो ०.५ मिलिमीटर व्यासाचा. हो, अर्धा मिलिमीटर. छर्रा स्वतःच ४.५ मिमीचा असल्यामुळे त्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला की १०.० मिळतात, आणि पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ अशी वाढ होत १०.९ पर्यंत. एका मॅचला ६० शॉट, म्हणजे जास्तीत जास्त ६५४. छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे टार्गेटला पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. आणि माणसाच्या डोळ्याने काहीतरी बघून बोट हलवायला लागतो सुमारे सेकंदाचा पाचवा भाग. आता हिशोब तुम्हीच करा. "आत्ता बरोबर मध्यावर आहे, मार!" असं मेंदूने ठरवलं आणि बोटाने ऐकलं, तोपर्यंत नळी तिथून कधीच हललेली असते. नळी हलतेच. श्वास, हृदयाचे ठोके, सकाळचा चहा, सगळं त्या नळीच्या टोकाला दिसतं.

म्हणून हे 'मार!' प्रकरण चालत नाही. बोटाला आधीच भिंतीपाशी नेऊन ठेवायचं, आणि चित्र चांगलं दिसत असताना दाब हळूहळू वाढवत राहायचा. उरलेलं अंतर इतकं कमी की ते पार करताना रायफलला धक्का बसू नये. दोन टप्प्यांचा खेळातला उपयोग हा.

आता माझं शून्य.

एअर पिस्तूलला चापाचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. २५ मीटर पिस्तूलला १००० ग्रॅम. पण १० मीटर एअर रायफलला किमान वजनाची अटच नाही. इथेच सगळा मोह आहे. बरेच नेमबाज साधारण १०० ग्रॅमच्या आसपास ठेवतात, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या निम्म्या वजनाएवढा दाब. मी सेकंडहँड रायफल घेतली तेव्हा चाप १२० वर होता. छान होता. पण मला करमेना. ॲलन की घेऊन बसलो. एका शनिवारी ९० केला, पुढच्या शनिवारी ७०. मग दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवत गेलो. प्रत्येक वेळी वाटायचं, वा, काय स्मूद झालंय! कोड ऑप्टिमाइझ करताना एरर हँडलिंग काढून टाकलं की प्रोग्रॅम फास्ट पळतो, त्यातला प्रकार. सरावात स्कोअरही दोन-तीन गुणांनी वाढला, त्यामुळे मी हुशार आहे याबद्दल शंकाच उरली नाही.

मग एक मॅच आली. डिसेंबरची सकाळ, पुण्याची थंडी, रेंजच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोटं गारठलेली. गारठलेल्या बोटाला ७० ग्रॅम म्हणजे काय हे कळतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बत्तिसावा शॉट. रायफल वरून खाली टार्गेटवर आणत होतो, बोट नेहमीसारखं पहिला टप्पा घ्यायला टेकवलं, आणि... फट्. भिंत आलीच नाही. भिंत उरलीच नव्हती, मीच ती स्क्रूने पाडली होती. छर्रा टार्गेटच्या वर कुठेतरी जाऊन लागला. स्क्रीनवर ०.० आला. आयुष्यात इतकं स्वच्छ शून्य मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेपरातही बघितलं नव्हतं.

माझा स्कोअर झाला ५९४.३. पुढच्या फेरीचा कट-ऑफ लागला ५९८.६. त्या एका शॉटला मी डोळे मिटून साधा पाच जरी मारला असता तरी पुढे गेलो असतो. वर्षभर शनिवार-रविवार, सकाळी साडेपाचचा अलार्म, लग्नांना दांड्या... सगळं त्या एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात गेलं.

पण खरी लाज नंतर वाटली. आमच्या कोच मॅडम ओरडल्या नाहीत. रायफल हातात घेतली, दोनदा चाप ओढून बघितला, आणि बाजूच्या लेनकडे बोट दाखवलं. तिथे दहावीतली एक मुलगी सामान आवरत होती. मॅडम म्हणाल्या, "नळी टार्गेटकडे होती म्हणून आपण आज स्कोअरबद्दल बोलतोय. वळताना बोट लागलं असतं तर कशाबद्दल बोललो असतो?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. मग त्यांनी माझी ॲलन की जप्त केली आणि एक महिना छर्रा भरायचा नाही, फक्त ड्राय फायर, असं फर्मान काढलं.

तो महिना मी चाप म्हणजे काय हे शिकलो. म्हणून आता, माझ्या अल्पमतीप्रमाणे, चाप बोटाला कसा लागावा ते सांगतो.

पहिला टप्पा असा हवा की तो घेतल्याचं बोटाला कळलं पाहिजे. फार लहान ठेवला तर बोट टेकवताच भिंतीवर आदळतं. फार लांब ठेवला तर बोट आकडीसारखं वळतं आणि चाप बाजूला ओढला जातो. माझ्या एकूण १२० ग्रॅमपैकी आता ८० पहिल्या टप्प्यात आहेत आणि ४० दुसऱ्यात. हे आकडे कॉपी-पेस्ट करू नका, तुमचं बोट वेगळं आहे. तत्त्व एवढंच, की बहुतेक ओझं आधी उचललेलं असावं आणि शेवटी थोडंच शिल्लक राहावं, पण ते 'थोडं' नक्की जाणवावं.

भिंत स्पष्ट हवी. इथे तडजोड नाही. बोट तिथे टेकून दोन-तीन सेकंद आरामात थांबलं पाहिजे. "आता जाईल की काय" ही धाकधूक वाटत असेल तर चाप तुमच्यासाठी हलका आहे, मग गॅजेट कितीही भारी असो. धाकधुकीत माणूस दोनच गोष्टी करतो, घाईने मारतो किंवा मारायलाच घाबरतो. दोन्ही मी भरपूर करून बघितल्या आहेत.

भिंतीनंतर चाप सरकता कामा नये, सुटला पाहिजे. काचेची बारीक कांडी मोडावी तसा. दाब वाढतोय, वाढतोय, आणि सुटला. भिंत ओलांडल्यावरही तो खरखरत पुढे सरकत असेल तर त्याला क्रीप म्हणतात, आणि तो फार वाईट, कारण बोटाला वाटतं अजून अंतर आहे, आणि शॉट मध्येच कुठेतरी जातो. सुटल्यावर चाप किती मागे जाणार तेही स्क्रूने ठरवता येतं. तिथे अगदी किंचित मोकळीक असावी आणि मग बोट शांतपणे थांबावं. शॉट गेल्यावर लगेच बोट उचलणारा माणूस शॉट जायच्या आधीच मनाने उठलेला असतो.

आणि माघार घेता आली पाहिजे. पहिला टप्पा घ्या, भिंतीपर्यंत जा, बोट सोडा. चाप पूर्ण पुढे आला पाहिजे. असं दहा वेळा करा, दहाही वेळा भिंत त्याच जागी सापडली पाहिजे. एकदा जरी रायफल मध्येच सुटली किंवा चाप अर्ध्यात राहिला, तर ती रायफल बाजूला ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. अर्थात हे सगळं छर्रा न भरता, ड्राय फायर मोडवर, नळी टार्गेटकडे ठेवूनच. मी डोळे मिटून करतो आणि भिंत लागली की मोठ्याने 'भिंत' म्हणतो. घरी आईला वाटतं, झालं, कार्ट्याचं डोकं फिरलं. :)

एका बाबतीत मात्र माझा रेंजवरच्या अनेक जाणत्यांशी मतभेद आहे. नवशिक्यांना सरसकट शिकवतात की शॉट 'अचानक' जायला हवा, तुम्हाला स्वतःला कळता कामा नये. हेतू बरोबर आहे, कारण 'मार!' म्हणून झटका देणं त्याने थांबतं. पण दोन टप्प्यांच्या चापाला हे अर्धंच लागू होतं असं मला वाटतं. भिंत कुठे आहे हे मला शंभर टक्के माहीत हवं. भिंतीपर्यंत काहीही अचानक घडता कामा नये. अचानकपणा हवा तो फक्त भिंतीपलीकडच्या त्या केसभर अंतरात. हा फरक सांगितला नाही तर नवा मुलगा समजतो की कधी जाईल ते न कळणं म्हणजेच चांगला चाप. मग तो हलका करत सुटतो. माझ्यासारखा.

मोठ्या नेमबाजांकडे बघा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शेवटचा शॉट बाकी असताना अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनचा ९.७ गेला. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी शरीर वळवायचं, आणि बोटाने मात्र तिन्हीकडे तेच काम करायचं. अशा वेळी छातीत काय ढोल वाजत असतील ते त्यांनाच माहीत. तेव्हा सरावात हजारो वेळा सापडलेली भिंत पुन्हा त्याच जागी सापडणं, हाच काय तो आधार.

हे सगळं आज लिहायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. रेंजवर एक काका आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. हौसेने दोन-अडीच लाखांची रायफल घेतली होती. मला म्हणाले, "सर, तुम्ही इंजिनिअर ना? हिचा ट्रिगर जरा एकदम हलका करून द्या. चँपियन लोक असाच ठेवतात." मी म्हटलं, काका, आधी बघू. मुलीला डोळे मिटून भिंतीवर थांबायला सांगितलं. दहापैकी चार वेळा ती थांबूच शकली नाही, खटका पडला. मॅडमना विचारून आम्ही दुसरा टप्पा जड केला. पोरगी दोन मिनिटांत म्हणाली, "दादा, आता कळतंय." काकांचा चेहरा मात्र मी त्यांच्या गाडीत पेट्रोलऐवजी रॉकेल भरल्यासारखा झाला.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा चाप पुन्हा पिसासारखा हलका होता. कुणाकडून तरी करून आणला होता. मॅडमनी तिला लेनवर उभंच केलं नाही. काका चिडले, फी भरलीय वगैरे बोलले. मुलगी मान खाली घालून ग्लोव्ह काढत बसली. गेले दोन रविवार ती आलेली नाही.

मला त्या काकांचा राग येत नाही. मीही तोच आकडा छातीवर मिरवत फिरत होतो. पण म्हणूनच वाटतं, रायफलच्या चापाला आंतरराष्ट्रीय नियमात किमान वजन नाही, तर नसू दे. क्लबांनी आपला नियम करावा. पहिली दोन वर्षं, आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला, चाप ठरावीक वजनाखाली नाही. शिवाय महिन्यातून एकदा 'भिंत टेस्ट', डोळे मिटून दहा वेळा. जो दहाही वेळा थांबेल त्याने हवं तर दहा ग्रॅम कमी करून मागावेत. यात कुणाचंही मेडल जाणार नाही. एखाद्याचं शून्य मात्र नक्की वाचेल, आणि शून्यापेक्षा वाईटही काही टळेल.

मराठीत 'चाप लावणे' म्हणजे आवर घालणे, हे मला त्या ड्राय फायरच्या महिन्यात एकदा लक्षात आलं आणि रेंजवर एकटाच हसलो होतो. असो.

उद्या रविवार. मॅडमना मी त्या काकांचा फोन नंबर मागितलाय. माझा ५९४.३ चा स्कोअरशीट अजून जपून ठेवलाय, तोच घेऊन त्यांच्याकडे जाऊन येईन म्हणतो. इंजिनिअरचं ऐकलं नाही, निदान नापास झालेल्याचं तरी ऐकतील.